अर्धी सुई

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणताना संपादकांनी फोनवर हळूच सुचवलं, "मॅडम, ते सुईचं प्रकरण नाही घेतलं तरी चालेल हं." म्हणून मी तेच प्रकरण लिहायला घेतलं आहे. दुसरं लिहिण्यासारखं आहे तरी काय? कंबरेला शेक दिला, गुडघ्याचे व्यायाम शिकवले, काही लोक बरे झाले, काही झाले नाहीत. ते काम मी सडक अर्जुनीत इतकी वर्षं करते आहे आणि त्यावरून मला कोणी एक शब्द बोललेलं नाही. बोलले ते केसाएवढ्या बारीक सुईवरून. ती सुई आजही माझ्या टेबलावर आहे, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना वाचायचं नसेल त्यांनी पान उलटावं.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तेव्हा मी नागपुरात फिजिओथेरपी शिकत होते. आमचे वडील पोवार शेतकरी. मुलगी डॉक्टर होणार असं गावभर सांगून बसलेले. मी नेमकं काय शिकते हे समजावून सांगितल्यावर त्यांनी "म्हणजे मालिश?" असं एकदाच विचारलं आणि पुढे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शिक्षण संपवून चार-दोन वर्षं नागपुरात उमेदवारी केली आणि मग महामार्गाला लागून असलेल्या एका गाळ्यात दवाखाना टाकला. तिथे दोन जातीची दुखणी यायची: बसून आलेली आणि वाकून आलेली. बसून आलेली ट्रक ड्रायव्हरांची. नागपूर-रायपूर रस्त्यावर दिवसदिवस स्टिअरिंग धरून त्यांच्या माना लाकडासारख्या झालेल्या असायच्या. वाकून आलेली धानाच्या बांधीतल्या बायांची.

रोवणी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. चिखलात वाकून उभं राहायचं, डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची पेंढी, उजव्या अंगठ्यानं एकेक रोप चिखलात खोचायचं आणि एक पाऊल मागे सरकायचं. सकाळी सुरू झालेला हात संध्याकाळपर्यंत तेवढंच करतो. लोक ताटातल्या भाताकडे पाहतात. मला त्यामागचे खांदे दिसतात, काय करणार, धंदाच तसा आहे.

काही वर्षांनी मी नागपुरातच जाऊन ड्राय नीडलिंगचं प्रशिक्षण घेतलं. मराठीत सांगायचं तर कोरडी सुई. स्नायू म्हणजे दोऱ्यांचा जुडगा समजा. फार काम पडलं की त्यातली एखादी दोरी आवळून बसते आणि तिच्यात हरभऱ्याएवढी गाठ होते. बोटाखाली ती गाठ आली की माणूस कळवळतो. त्या गाठीत बारीक, भरीव सुई घालायची. भरीव म्हणजे आत पोकळीच नाही, त्यामुळे औषध जायला वाटच नसते. सुई नेमकी लागली की स्नायू आपसूक एकदा उडतो, उथळ पाण्यात मासा उडतो ना, तसा. मग दोरी हळूहळू सैल पडते. एक-दोन दिवस ठणक राहते, नंतर व्यायाम करायचा. छातीवर, फुप्फुसाच्या आसपास फार जपून राहावं लागतं, कारण तिथे हात चुकला तर दुखणं बरं, पण सुई नको अशी पाळी येते. सुईनं सगळं बरं होतं असं मी कधी म्हटलेलं नाही. काहींना कवडीचा फरक पडत नाही. ती नेमकी का काम करते यावर शिकलेल्या लोकांत अजून वाद चालू आहे. फिजिओथेरपिस्टनं ती हातात धरावी का, यावर तर हमरीतुमरी. मी माझ्या टेबलावर जे पाहिलं तेवढंच सांगते.

पहिला धडा एका ड्रायव्हरनं दिला. छत्तीसगडचा होता, दरवाजातून आत यायला त्याला तिरकं व्हावं लागलं इतका धिप्पाड. उजवं कानशील दुखतं म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या खात होता, दोनदा चष्मा बदलून झाला होता. मी त्याच्या मानेच्या नि खांद्याच्या मधला स्नायू चिमटीत धरून दाबला तसा तो ओरडला, "अरे, यही तो है! सीधा कनपटी में लगा!" त्याला पटलं. पण मी पाकिटातून सुई काढल्यावर त्यानं माझा हात धरला. "मैडम, इसमें दवाई तो भरो."

"दवाई नहीं है भैया. सूखी सुई है."

"तो फिर चुभाओगी काहे को?" एवढं बोलून तो स्टुलावरून घसरला आणि बेशुद्ध पडला. सुई अजून लागलीही नव्हती. पाणी मारून उठवला, निजवला आणि मग काम केलं. महिन्याभरानं तो आणखी तीन ड्रायव्हर घेऊन आला. ढाब्यांवर मी ‘सूखी सुई वाली मैडम’ झाले.

दुखतं एकीकडे आणि गाठ असते दुसरीकडे, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. आमच्या भागात गोळी दिली तर डॉक्टरनं टाळलं आणि सुई दिली तर उपचार केला, असा हिशेब आहे. सुईतलं औषध लोक निरखून पाहतात. पांढऱ्यापेक्षा लाल जोरदार. अशा मुलखात मी बिनऔषधाची सुई घेऊन बसले होते. मला तेव्हा ते मोठं शौर्याचं वाटायचं.

भागरताबाई आली ती रोवणीच्या ऐन भरात. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या गावातली, पन्नाशीची, काटक बाई. दहा-बारा बायांची टोळी घेऊन गावोगाव रोवणीला जायची. दोन एसटी बदलून आली होती. उजव्या दंडावर, खांद्यापासून कोपरापर्यंत, काळ्या ठिपक्यांची रांग होती. बिब्याची. आमच्याकडे दुखऱ्या जागेवर तापवलेल्या बिब्याचं तेल टेकवतात, कातडी पोळून काळी पडते.

"कोणी घातला बिबा?" मी विचारलं.

"माज्याच हातानं घातला. जिथं जिथं दुखलं तिथं तिथं टेकवला."

"मग राहिलं का?"

"रायलं असतं तं तुमच्याकडं कायले आली असती वो बाई?"

माणूस मला तिथेच आवडलं. मी दंड तपासला. दंडात काही नव्हतं. मग पाठीमागे गेले. खांद्याखाली पाठीला जे रुंद हाड असतं, खवाटा म्हणतात, त्यावरच्या स्नायूत बोट दाबलं तशी ती किंचाळली, "आई वो! हे तं दंडात गेलं!" रोवणारा हात दिवसभर खवाट्याच्या जोरावर चालतो. गाठ तिथे होती, कळ दंडात जात होती, आणि बिबा बिचारा कळीच्या मागे मागे कोपरापर्यंत गेला होता. मी तिला पालथं निजवून खवाट्यावर दोन सुया घातल्या. दोन्ही वेळा स्नायू उडाला.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"अन् औषध?"

बाहेर बाकावर दहा-बारा माणसं होती, त्यातला एक सारखा आत डोकावत होता. मी हात धुता धुता म्हटलं, "औषध नसतं यात. दोन दिवस ठणकेल, शेक घ्या, मग या." आणि पुढच्याला हाक मारली. तिच्या बाजूनं हा सगळा व्यवहार पाठीमागे झाला होता. मी काय केलं, कुठे केलं, तिला काही दिसलेलं नव्हतं. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही. या लेखात मी पुष्कळांना बोलणार आहे, तेव्हा आधी स्वतःला बोलून घेते: ती चूक माझी होती.

दोन आठवड्यांनी तालुक्याच्या आरोग्य खात्यातून कागद आला. भागरताबाईच्या दंडावर मोठं गळू झालं होतं, इस्पितळात चिरून पू काढावा लागला होता, आणि ‘फिजिओथेरपिस्ट बाईने अधिकार नसताना सुई टोचली’ अशी तक्रार होती. खाली गावातल्या काही जणांच्या सह्या, आणि सगळ्यांच्या खाली एका खाजगी डॉक्टरची. नाव लिहीत नाही. त्यांच्याकडे कंबरदुखीचा माणूस गेला की ठरलेलं इंजेक्शन मिळायचं आणि ती माणसं हळूहळू माझ्याकडे वळली होती, एवढं पुरे.

मी तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांना भेटले. साहेब मऊ स्वभावाचे, कोणाशी वाकडं नको असं वागणारे. कोरा कागद पुढे सरकवून म्हणाले, "मॅडम, दोन ओळी लिहून द्या. यापुढे सुई वापरणार नाही. मी फाइल बंद करतो."

"आणि नाही दिलं तर?"

"तर चौकशी. वर पाठवावं लागेल. दवाखान्याला कुलूपही लागू शकतं. आठ दिवस घ्या, घरच्यांशी बोला."

मी घरच्यांशी बोलले नाही. एसटी पकडून भागरताबाईच्या गावी गेले. ती पडवीत भिंतीला टेकून बसली होती, हात गळ्यात बांधलेला. तिच्या नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि घरामागे निघून गेला. मी तिला पट्टी दाखवायला सांगितलं. जखम दंडाच्या बाहेरच्या बाजूला होती, अगदी बिब्याच्या मधल्या ठिपक्यावर. मी त्या जागेच्या वीतभर अंतरात सुई नेलेली नव्हती. तिथे उभ्या उभ्या मला सगळं कळलं.

"भागरताबाई, इथे कोणी सुई मारली?"

तिनं पट्टी डाव्या हातानं परत सारखी केली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुमची सुई अर्धीच झालती ना. टोचली, पन भरली नाही. दोन दिवस हात ठणकून राहिला. मी म्हनलं, गर्दी लय होती, बाई औषध भरायचं भुलल्या. होते असं मानसाच्या हातून. मंग मी पुरी करून घेतली."

तिनं मला माफ करून टाकलं होतं! माझ्या शिक्षणाचा, माझ्या प्रशिक्षणाचा, भिंतीवरच्या चौकटीतल्या कागदाचा एवढा पाणउतारा कोणी केला नसेल, आणि तोही इतक्या मायेनं. मला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले.

"कोणाकडून पुरी करून घेतली?"

"इवायापासून."

इवाई म्हणजे व्याही, तिच्या मुलीचा सासरा. एकेकाळी कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर होता, आता पिशवी घेऊन सायकलवर गावोगाव सुया देत फिरायचा. त्यानं विचारलं, कुठं दुखते. तिनं मधला ठिपका दाखवला. त्यानं तिथेच, न धुतलेल्या हातानं, पिशवीतली तसलीच सुई खुपसली. लाल औषध होतं, असं तिनं मुद्दाम सांगितलं.

"हे साहेबांपुढे सांगाल?"

तिनं डाव्या हातानं माझा हात धरला. "नाव नोको घेऊ वो बाई. पोरगी त्याच्याच घरी नांदून राहिली. आत्ता कुठं पाय रुतला तिचा."

परतीच्या एसटीत मी नुसती धुमसत होते. त्या पिशवीवाल्याचं नाव घेतलं की पाच मिनिटांत माझी सुटका होती. नाही घेतलं तर दवाखाना जाण्याची वेळ. आणि कागदावर सही केली तर? तर दवाखाना राहिला असता, पण मी न केलेलं काम माझ्या नावावर लागलं असतं आणि केलेलं काम गुन्हा ठरलं असतं. नाव घ्यायचं नाही आणि सहीही करायची नाही, असं मी सडक अर्जुनीचा स्टँड येईपर्यंत ठरवून टाकलं. शहाणपणाचं होतं असं नाही. पण दुसरं काही मला गिळवलंच नसतं.

आठव्या दिवशी साहेबांच्या खोलीत ते डॉक्टरही बसले होते. मी माझं उत्तर टेबलावर ठेवलं. त्यात चारच वाक्यं होती. ‘सुई मी मारली. ती खवाट्यावर मारली. दंडावर मारली नाही. यापुढेही गरज पडेल तिथे मारीन.’ सोबत भागरताबाईचा केसपेपर जोडला. त्यावर पाठमोऱ्या माणसाचं चित्र असतं, त्यात खवाट्यावर मी दोन फुल्या केल्या होत्या.

"या फुल्या काल रात्रीसुद्धा करता येतात," डॉक्टर म्हणाले.

"येतात ना," मी म्हटलं.

"आणि दंड दुखत असताना पाठीत सुई? हे कुठलं शास्त्र?"

"डॉक्टर, तुमच्याकडे खांदा दुखतो म्हणून माणूस आला की तुम्ही सुई कुठे देता?"

उत्तराची वाट न पाहता मीच सांगून टाकलं.

"कुल्ल्यावर देता. मान दुखली तरी तिथेच. म्हणजे दुखतं एकीकडे आणि सुई दुसरीकडे, हे तुम्हालाही मान्यच आहे."

साहेबांना खोकला आला. खोकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग दंडावरची सुई कोणाची, मॅडम?"

"माझी नव्हती. पुढचं मला विचारू नका."

"अहो, मी तुम्हाला वाचवायला बघतो आहे. निदान चौकशी संपेपर्यंत तरी सुई बंद ठेवा."

"तसं लेखी द्या."

"लेखी कसं देता येईल?"

"मग मी ते ऐकलं नाही," असं म्हणून मी उठले. बाहेर येऊन स्कूटी सुरू केली आणि थेट जाऊन दवाखाना उघडला.

त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. गावाकडच्या बाया येईनाशा झाल्या. ‘त्या बाईच्या सुईनं हात सडते’ ही बातमी माझ्याआधी बाजारात पोचायची. ओळखीच्या बायका मला पाहून रस्ता बदलत. बाकावर दोन ड्रायव्हर बसले असले तर तो दिवस बरा. वडिलांनी निरोप पाठवला, सही करून टाक, मालिशच बरी होती. त्या दिवशी मी दवाखान्याचं दार आतून लावून पोटभर रडले. मग तोंड धुतलं, पेंटरला बोलावलं आणि समोरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहून घेतलं: ‘इथली सुई कोरडीच असते. कोरडी म्हणजे पूर्ण. हिच्यावर दुसरी सुई घेऊ नये.’ पेंटर म्हणाला, "मॅडम, असं लिहून कोणी येईल का?" मी म्हटलं, न येईना. येतील त्यांना तरी कळेल.

पुढच्या रोवणीला, एका दुपारी, आरोग्य खात्यातल्या बाबूचा फोन आला. "मॅडम, जरा येता का? एक बाई बयान द्यायला आली आहे, अन् तिचा अंगठाच उमटून नाही राहिला."

मी गेले. साहेबांच्या टेबलासमोर भागरताबाई उभी होती, लुगड्याचा काठ अजून चिखलानं ओला. मागे व्हरांड्यात तिची अख्खी टोळी. बाबू तिचा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबत होता आणि दर वेळी नुसता काळा डाग पडत होता. रोवणीच्या दिवसांत चिखल-पाण्यानं नि घासण्यानं अंगठ्याच्या रेघा झिजून जातात, हे बाबूला ठाऊक नव्हतं.

बयान दोन ओळींचं होतं. दंडावरची सुई तिनं दुसरीकडे घेतली, बाईनं मारली ती पाठीवर.

"दुसरीकडे म्हणजे कुठे?" साहेबांनी विचारलं.

"ते माज्या घरचं हाय साहेब. गलती माजी हाय, मी अर्धी समजली अन् पुरी करून घेतली. बाईचं नाव कागदावरून पुसा, बाकीचं मले पुसू नका."

"आणि एवढे दिवस का नाही सांगितलं?"

"पोरीले आता पोरगं झालं. आता तिले कोनी हाकलत नाही." ती एवढंच बोलली आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

बाबू म्हणाला, "साहेब, हा अंगठा वाचता येत नाही. चालणार नाही."

भागरताबाईनं शांतपणे पोलक्याची बाही वर सरकवली आणि दंड टेबलावर, त्या कागदाच्या शेजारी ठेवला. मधल्या ठिपक्याच्या जागी खोलगट, चकचकीत व्रण होता. "मंग हे वाचा," ती म्हणाली. "पाठ बी दाखवू का? तिथं काहीच नाही."

साहेबांनी त्या काळ्या डागाखाली स्वतःची सही केली. फाइल नेमकी कधी बंद झाली ते मला कोणी कळवलं नाही आणि मीही विचारायला गेले नाही.

व्हरांड्यात आल्यावर मला वाटलं, आता ती जाईल. ती उभीच राहिली. "खवाटा आकडून गेला वो. चाल, मार."

"एवढं सगळं होऊन?"

"मंग काय डाक्टरकडं जाऊ? अन् यायच्यासमोर मार. या साऱ्यायले पाहू दे."

दवाखान्यात दहा बाया टेबलाभोवती दाटीनं उभ्या राहिल्या. मी सुई त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, तिला भोक नाही याची एकमेकींत खात्री केली आणि परत दिली. ती बाजूला टाकून मी नवी फोडली. भागरताबाई पालथी निजली. मी गाठ शोधली, सुई घातली आणि खवाट्यावरचा स्नायू सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उडाला. "अगं बाई, जित्ता हाय का काय आत!" एकजण मागे सरकत म्हणाली.

"झाली का?" भागरताबाईनं उशीत तोंड खुपसूनच विचारलं.

या वेळी मी हात धुवायला वळले नाही. तिच्या डोक्याशी खाली बसले.

"झाली."

"पुरी?"

"पुरी."

ती उठली, बाही खाली ओढली, हात दोनदा झटकून पाहिला. मग बायांकडे बघून म्हणाली, "कोनाकोनाचं दुखते, निजा. बस चारले हाय."